वेस बंद करणारं गाव

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात स्टोनी मिडलटन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथून एक पायवाट शेतांमधून चढत वर ईम गावाकडे जाते. तिच्या दोन्ही बाजूंना कोकणातल्या गडग्यांची आठवण व्हावी अशा, दगडावर दगड रचून उभ्या केलेल्या भिंती आहेत, त्यांच्यापलीकडे मेंढ्या आणि वर डोंगराची काळसर कड. शनिवार-रविवारी शेफील्ड आणि मँचेस्टरकडची माणसं ग्राइंडलफर्डच्या लहानशा स्टेशनात उतरतात आणि या टापूत दिवसभर पायी भटकतात. पीक डिस्ट्रिक्ट हा तो टापू. ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये इथंच झालं.

चढाच्या मध्यावर, शेतातच, एक बसका दगड लागतो. त्याच्या माथ्यावर हातानं कोरलेले खळगे आहेत. पाठीवरची सॅक उतरवून माणसं इथं थांबतात, खळग्यांत बोट घालून पाहतात, काहीजण त्यात एखादं नाणं ठेवतात.

१६६६ च्या उन्हाळ्यात या खळग्यांत व्हिनेगर भरलेलं असे. वरच्या गावातला माणूस येऊन त्यात पैसे टाकी आणि परत फिरे. तो दिसेनासा झाला की खालच्या गावातला माणूस येई, व्हिनेगरमधून नाणी उचली आणि पाव, मांस, औषध दगडापाशी ठेवून जाई. वरच्या गावात प्लेग होता. आणि वरच्या गावानं ठरवलं होतं की तो या दगडाच्या खाली उतरू द्यायचा नाही.

ईम तेव्हा शिशाच्या खाणीत राबणाऱ्यांचं आणि मेंढपाळांचं गाव होतं. डोंगराच्या कुशीत एक लांबट रस्ता, त्याच्या कडेनं दगडी घरं आणि मध्यावर सेंट लॉरेन्सचं चर्च. चर्चच्या आवारात आठव्या शतकातला एक कोरीव क्रूस आहे. प्लेग आला तेव्हाच तो नऊएकशे वर्षांचा जुना होता.

लंडनमध्ये १६६५ च्या उन्हाळ्यात गाठीच्या प्लेगनं थैमान घातलं होतं. त्या वर्षी तिथल्या मृत्युपत्रकांत प्लेगचे ६८ हजारांवर बळी नोंदले गेले; खरा आकडा लाखाच्या आसपास असावा असं मानतात. त्याच सुमारास ईममधल्या अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. जॉर्ज विकर्स या त्याच्या मदतनीसानं ते सोडलं. कापड ओलसर लागलं म्हणून त्यानं ते शेकोटीपुढं पसरलं, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. कापडात पिसवा होत्या की त्या आणखी कुठल्या वाटेनं आल्या, ते आता कळायला मार्ग नाही. विकर्सचं दफन ७ सप्टेंबर १६६५ रोजी झालं. शिंप्याची बायको मेरी हिला पहिल्या नवऱ्यापासून दोन मुलगे होते. धाकटा एडवर्ड २२ सप्टेंबरला गेला, जोनाथन ऑक्टोबरच्या सुरुवातीला. पुढच्या ऑगस्टमध्ये हॅडफील्डही गेला. मेरी तेवढी मागं राहिली. आज त्या घरापुढं एक हिरवी पाटी आहे आणि तिच्यावर या घरातल्या गेलेल्यांची नावं आहेत. अशा पाट्या रस्त्यावरच्या घरामागून घरासमोर लागतात. घरं राहती आहेत. पाटीमागच्या खिडकीत पडदे असतात, कुंड्यांत फुलं असतात. वाचणारा नकळत आवाज खाली आणतो.

जवळच सिडल कुटुंबाचं घर होतं. शरद ऋतूत त्या घरातले वडील आणि बहुतेक मुलं गेली. एमट ही मुलगी वाचली होती. तिचं लग्न खालच्या स्टोनी मिडलटनमधल्या रोलंड टॉर याच्याशी ठरलं होतं, अशी कथा आहे. दोघं गावाबाहेर लांब उभं राहून एकमेकांना नुसतं पाहत. मग तिनं त्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं. १६६६ च्या एप्रिलअखेर एमट गेली. तो मात्र साथ संपून वाट मोकळी होईपर्यंत आशेवर होता.

हिवाळ्यात साथ मंदावली. मे महिन्यात तर ती सरल्यासारखी वाटली. जूनमध्ये ऊन तापलं आणि दफनं पुन्हा सुरू झाली, या वेळी आधीपेक्षा झपाट्यानं. लोक सामान बांधू लागले.

इथं दोन माणसं गोष्टीत येतात, आणि ईमची खरी गोष्ट त्या दोघांमध्ये घडली असं वाटतं.

विल्यम मॉम्पेसन हा चर्चचा धर्मगुरू. वय तिशीच्या आत, गावात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, बायको कॅथरीन आणि दोन लहान मुलं. गावाचा त्याच्यावर फारसा जीव नव्हता. त्याला कारण होतं. इंग्लंडनं १६४९ मध्ये आपल्या राजाचा शिरच्छेद केला, अकरा वर्षं राजाविना काढली आणि १६६० मध्ये त्याच्या मुलाला पुन्हा गादीवर बसवलं. राजा परतला तशी राजाची प्रार्थनापोथीही परतली. १६६२ च्या कायद्यानं ती प्रत्येक धर्मगुरूवर बंधनकारक केली, आणि ती नाकारणाऱ्या जवळजवळ दोन हजारांना त्या काळात चर्च सोडावं लागलं. ईमचा आधीचा गुरू थॉमस स्टॅनली त्यांतलाच. कडक प्युरिटन, पोथीपुढं न वाकणारा. गाव त्याच्या बाजूचं होतं. १६६५ मध्ये आणखी एक कायदा आला: राजनिष्ठेची ठरावीक शपथ न घेणाऱ्या अशा माणसानं आपल्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत राहायचं नाही. स्टॅनली तरीही ईममध्येच होता.

म्हणजे एकाच्या हातात पद होतं आणि दुसऱ्याच्या हातात माणसं. एकमेकांच्या दृष्टीनं दोघंही धर्माच्या बाबतीत चुकलेले. त्या काळात या मतभेदापायी माणसं तुरुंगात जात होती. मॉम्पेसननं पुढाकार घेतला, किंवा कदाचित दोघांनीही घेतला असेल, पण १६६६ च्या जूनमध्ये दोघं गावापुढं एकत्र उभे राहिले. गावानं वेस ओलांडायची नाही, हे मॉम्पेसननं एकट्यानं सांगितलं असतं तर किती जणांनी ऐकलं असतं? स्टॅनली शेजारी उभा होता म्हणून त्या शब्दाला वजन आलं.

ठरलं ते थोडक्यात असं. मेलेल्यांना चर्चच्या आवारात न्यायचं नाही. ज्यानं त्यानं आपलं माणूस आपल्या परसात, शेतात, जिथं जमेल तिथं पुरायचं. चर्चला कुलूप लावायचं आणि प्रार्थना गावालगतच्या ककलेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर करायच्या, कुटुंबं एकमेकांपासून अंतर राखून उभी राहतील अशा. आणि गावाभोवतीची हद्द कोणी ओलांडायची नाही. काही मैलांवर चॅट्सवर्थचा वाडा होता. तिथल्या डेव्हनशायरच्या अर्लनं, गाव आत राहणार असेल तर अन्नधान्य पुरवायचं कबूल केलं. ते हद्दीवरच्या ठरलेल्या जागी ठेवलं जाई. स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा दगड ही त्यातली एक जागा. दुसरी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेवरचा एक झरा. त्याला आज मॉम्पेसनची विहीर म्हणतात. तिथं पैसे वाहत्या पाण्यात ठेवले जात.

गावाची गोष्ट सांगताना एक बाजू बहुतेक वेळा पटकन ओलांडली जाते. ज्यांना जाणं शक्य होतं अशा काही बड्या घरांनी आधीच गाव सोडलं होतं. मॉम्पेसननंही आपली मुलं यॉर्कशायरला नातलगांकडे पाठवली होती. कॅथरीनलाही तो जा म्हणत होता, ती गेली नाही. मागं राहिले ते बहुतांशी खाणीतले, मेंढ्यांमागचे, हातावर पोट असलेले. ते गेले असते तरी कुठं गेले असते? ईममध्ये साथ असताना तिकडची माणसं आत येऊ नयेत म्हणून पहारा ठेवल्याचा खर्च शेफील्डच्या जमाखर्चात नोंदलेला आहे. शेजारच्या गावांची दारं त्यांना बंदच होती. पण म्हणून त्यांचा निर्णय लहान ठरत नाही. रात्रीच्या अंधारात डोंगर ओलांडून जाणं प्रत्येकाला शक्य होतं, पहारा देणारे शिपाई नव्हते, आणि तरीही फार थोडे गेले. त्याच सुमारास लंडनमध्ये आजाऱ्याचं घर बाहेरून कुलूपबंद करत, दारावर तांबडी फुली मारत आणि पहारेकरी बसवत. घरचे लोक खिडक्यांतून, छपरांवरून पळत. ईममध्ये कुलूप चर्चला होतं, घरांना नव्हतं.

ऑगस्ट हा सर्वांत वाईट महिना ठरला. त्या एका महिन्यात सत्तराहून जास्त माणसं गेली, दिवसाला दोनपेक्षा जास्त.

गावाच्या पूर्वेला अर्ध्या मैलावर, उतारावरच्या मोकळ्या रानात, रायली नावाचं शेतघर होतं. तिथं हॅनकॉक कुटुंब राहत होतं. ३ ऑगस्टला दोन मुलं गेली. १० ऑगस्टपर्यंत, आठ दिवसांत, एलिझाबेथ हॅनकॉकनं नवरा आणि सहा मुलं अशी सात माणसं एकटीनं पुरली. स्पर्श टाळण्यासाठी ती पायाला फडकं बांधून एकेकाला ओढत खड्ड्यापर्यंत नेत असे आणि समोरच्या डोंगरावरून स्टोनी मिडलटनचे लोक ते पाहत असत, असं सांगतात. तिचा एक मुलगा शेफील्डला उमेदवारी करत होता म्हणून वाचला. साथ संपल्यावर ती त्याच्याकडे गेली. आज त्या जागेभोवती दगडांची एक ठेंगणी गोल भिंत आहे. आत सात नावं. फार चालावं लागत नाही, वाटही सोपी आहे, पण गावातल्या पाट्या वाचून इथं आलेला माणूस इथून पुढं थोडा वेळ काही बोलत नाही.

मुडदे उचलायला कोणी नसे तिथं मार्शल हाऊ जात असे. त्याला आधी प्लेग होऊन गेला होता आणि आपल्याला तो पुन्हा होणार नाही अशी त्याची खात्री होती. मेलेल्याचं सामान ही त्याची मजुरी. दगडी काळजाचा माणूस म्हणून गावानं त्याची आठवण ठेवली. नंतरच्या काळात आया पोरांना त्याच्या नावानं भीती घालत. त्या ऑगस्टमध्ये त्याची बायको आणि मुलगा दोघंही गेले. त्यांनाही त्यानंच पुरलं असणार.

कॅथरीन मॉम्पेसन ऑगस्टच्या अखेरीस गेली. नवऱ्याबरोबर फिरताना तिला हवा एकदम गोड वासाची वाटली, आणि प्लेगची सुरुवात अशीच होते असं ऐकलेल्या मॉम्पेसनला तिथंच कळून चुकलं, अशी आख्यायिका आहे. २५ ऑगस्टला तिचं दफन झालं. मेलेल्यांना आवारात आणायचं नाही हा नियम तिच्यासाठी वाकवला गेला. तिची कबर चर्चच्या आवारात, त्या जुन्या क्रूसापासून जवळच आहे. आईची बातमी मुलांना पत्रानं कळवताना मॉम्पेसनची समजूत होती की आता पाळी आपली. एक पत्र मुलांना आणि एक त्याचा आश्रयदाता सर जॉर्ज सॅव्हिल याला, अशी त्या दिवसांतली पत्रं टिकली आहेत. निरोप घेणाऱ्या माणसाची पत्रं आहेत ती.

पण तो वाचला. स्टॅनलीही वाचला. शेवटचं दफन अब्राहम मॉर्टनचं, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेचं. त्याच महिन्यात मॉम्पेसननं एका नातलगाला लिहिलं की ७६ कुटुंबांत साथ शिरली आणि २५९ माणसं गेली. उरलेल्यांनी कपडे, लोकरी अंथरुणं, लाकडी सामान जाळून टाकलं. मॉम्पेसनच्या घरातलंही.

गावाची वस्ती तेव्हा ३५० होती आणि ८३ जण उरले, असं फार वर्षं छापलं जात होतं. जुन्या कर-नोंदी आणि चर्चच्या वह्या नीट तपासल्यावर वस्ती सातशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त असावी असं अलीकडचे अभ्यासक सांगतात. म्हणजे गावातला साधारण प्रत्येक तिसरा माणूस गेला. आधीच्या आकड्याइतका हा आकडा भयानक नाही. पण रायलीच्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर या हिशोबानं फारसा फरक पडत नाही.

ईमची कीर्ती मात्र त्या काळी झाली नव्हती. लंडनला तेव्हा प्लेगचे स्वतःचे मृत मोजायचे होते, आणि सप्टेंबर १६६६ मध्ये तर ते शहरच जळालं. डोंगरातल्या एका खाणकऱ्यांच्या गावाकडे कोण पाहणार? अठराव्या शतकात कवयित्री अ‍ॅना सेवर्ड हिनं गावाबद्दल लिहिलं. ती १७४२ मध्ये ईममध्येच जन्मली होती. तिचे वडील तिथले धर्मगुरू. पुढं विल्यम वूड या स्थानिक लेखकानं १८४२ मध्ये गावाचा इतिहास छापला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडच्या कथा त्यात आल्या. एमट आणि रोलंड, मार्शल हाऊ, गोड वासाची हवा, यांतलं बरंचसं त्या पिढीच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आलं आहे. पॅट्रिक वॉलिस या इतिहासकारानं २००६ मध्ये याचा माग काढला आणि दाखवलं की प्रत्येक काळानं ईमच्या गोष्टीत आपल्याला हवं ते पाहिलं: कुणी भक्ती, कुणी प्रेम, कुणी सार्वजनिक आरोग्य. १९९४ मध्ये गावात संग्रहालय उघडलं. २००१ मध्ये जेराल्डिन ब्रूक्सची कादंबरी आली आणि वाचक पुस्तक हातात घेऊन गावात येऊ लागले. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव ककलेट डेल्फच्या घळीत जमतं.

कथांची खपली काढली तरी खाली वह्यांमधली नावं राहतात, तारखा राहतात, मॉम्पेसनची पत्रं राहतात. तेवढंही पुष्कळ आहे.

त्या माणसांना आजार कशानं पसरतो ते ठाऊक नव्हतं. व्हिनेगरनं नाणं शुद्ध होतं ही त्यांची समजूत, उघड्यावर अंतर राखायचं हा त्यांचा अंदाज. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्सांद्र येरसँ यानं ओळखला. उंदरावरची पिसू तो माणसापर्यंत आणते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. त्याच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. मुंबईत पुढच्या दशकात झालेल्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. २०१६ मध्ये लिलिथ व्हिटल्स आणि झेवियर दिदलो यांनी ईमच्या नोंदींवर गणित मांडलं, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढं आली: तिथली सुमारे तीन चतुर्थांश लागण उंदरांकडून नाही, तर माणसाकडून माणसाला झाली असावी. तसं असेल तर हद्द बंद करण्यानं बाहेरची गावं खरोखर वाचली असणार, आणि आतल्यांनी त्याची किंमत मोजली असणार.

मराठी वाचकाला या गोष्टीत १८९७ चं पुणं दिसल्याशिवाय राहत नाही. प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत शिरला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा झाला आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत, देवघरांत, माजघरांत शिरले. आजाऱ्याला वेगळं ठेवण्याचा हेतू ईमच्या हेतूहून निराळा नव्हता. पण तो बंदुकीच्या धाकानं, विचारल्याशिवाय अंमलात आला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडून त्याला उत्तर दिलं. त्याच पुण्यात, त्याआधी तीन महिने, सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि १० मार्चला त्यांना स्वतःला प्लेगनं नेलं. पुढच्या साथींमध्ये खेड्यापाड्यांनी स्वतःचा मार्ग काढला. घरात उंदीर पडू लागले की गाव उठायचं आणि रानात, माळावर झोपड्या घालून राहायचं. ती वाट कुठल्याही कमिशनच्या अहवालाआधी शहाणपणाची होती. ईममध्येही काही कुटुंबांनी घळीत आणि कडेवर झोपड्या बांधल्या होत्या, असं वूड सांगतो.

स्टॅनली १६७० मध्ये ईममध्येच वारला. साथीनंतर त्याला गावातून घालवावं अशी मागणी काहींनी केली तेव्हा अर्लनं ती ऐकून घेतली नाही, असं म्हणतात.

मॉम्पेसन त्याच्या आधी, १६६९ मध्ये, ईम सोडून गेला. सॅव्हिलनं त्याला नॉटिंगहॅमशायरमधल्या ईकरिंग गावाचं चर्च दिलं होतं. तो तिथं पोहोचला तेव्हा साथ संपून तीन वर्षं होत आली होती. पण तो कुठून येतो आहे हे ईकरिंगला ठाऊक होतं, आणि लोकांनी त्याला गावात घेतलं नाही. भीती ओसरेपर्यंत तो जवळच्या रफर्डच्या रानात एका झोपडीत राहिला आणि गावाबाहेर एका अ‍ॅश वृक्षाखाली उभा राहून त्यानं नव्या गावकऱ्यांना प्रवचनं दिली. झाड गेलं. ते जिथं होतं तिथं शेताच्या कडेला आता एक दगडी क्रूस उभा आहे.